आयपी कॅमेरे निवडताना घटनेच्या दिवसापासून उलटं मोजा

बारा आयपी कॅमेरे (म्हणजे नेटवर्कवरून चित्र पाठवणारे) चालू होते, रेकॉर्डिंग व्यवस्थित होतं, तारीख-वेळही बरोबर होती. गोदामाच्या फाटकातून एक माणूस आत आला, निवांत फिरला आणि दोन खोकी उचलून निघून गेला. फुटेजमध्ये सगळं दिसत होतं, फक्त चेहरा सोडून. फाटकावरचा कॅमेरा सहा मीटर उंचीवर, लेन्स २.८ मिमीची, म्हणजे खूप रुंद दृश्य दाखवणारी, आणि त्या माणसाच्या डोक्यावर टोपी. कॅमेरे चांगल्या प्रतीचे होते आणि ते काम मीच केलं होतं, हे सांगताना आजही ओशाळायला होतं.

त्यानंतर कोणत्याही जागेचं काम घेताना मी कॅटलॉग बंद ठेवतो आणि मालकाला एकच गोष्ट विचारतो: उद्या इथे काही घडलं, तर या कॅमेऱ्याच्या चित्रातून तुम्हाला नेमकं काय दाखवता आलं पाहिजे? पुढची सगळी निवड, म्हणजे लेन्स, मेगापिक्सेल, डिस्क, नेटवर्क स्विच (ज्याला सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जोडतात ती पेटी), या उत्तरातून उलट्या दिशेने निघते.

आधी नकाशा, मग मॉडेल

जागेचा आराखडा कागदावर काढा. हाताने काढलेला असला तरी चालेल, पण अंतरं टेपने मोजलेली हवीत. प्रत्येक बिंदूसमोर कॅमेऱ्याचं काम एका ओळीत लिहा. ‘फाटक: आत येणाऱ्या अनोळखी माणसाचा चेहरा.’ ‘पार्किंग: कुणी आहे की नाही एवढंच.’ ‘कॅश काउंटर: नोटा आणि हात.’ ‘लोडिंग डॉक: कोणतं खोकं कोणत्या गाडीत चढलं.’ ही यादी करताना मालक हमखास म्हणतो, ‘सगळीकडे सगळंच दिसू दे.’ तिथे नम्रपणे अडून बसा. एका कॅमेऱ्याला अख्खं आवारही दाखवायचं आणि चेहराही ओळखायचा, अशी दोन कामं दिली की दोन्ही अर्धवट राहतात. एक रुंद कॅमेरा आणि दारावर एक अरुंद कॅमेरा ही जोडी एका महागड्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

याच फेरीत आणखी चार गोष्टी टिपून ठेवा: रात्री दिवे चालू राहतात का, सूर्य कोणत्या बाजूने येतो, पाणी-धूळ-वाफ-कंपन आहे का, आणि केबल कुठून जाईल. केबलच्या वाटेचा विचार शेवटी करणाऱ्यांचे कॅमेरे जिथे हवेत तिथे न लागता जिथे केबल पोहोचली तिथे लागतात.

पिक्सेलचा हिशेब

मेगापिक्सेल हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. महत्त्वाचं असतं ते ज्या अंतरावर माणूस उभा राहणार तिथे एका मीटर रुंदीत किती पिक्सेल पडतात ते. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत त्यासाठी पायऱ्या दिल्या होत्या. कुणीतरी आहे हे कळायला मीटरमागे २५ पिक्सेल, कपडे-हालचाल यांचं निरीक्षण करायला साधारण ६२, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. चेहऱ्याची रुंदी सुमारे १६ सेंटिमीटर धरली, तर २५० च्या पायरीवर चेहऱ्याला ४० पिक्सेल मिळतात. माझ्या फाटकावरच्या टोपीवाल्याला त्याच्या निम्मेही मिळाले नव्हते.

आता लेन्स. बहुतेक साध्या आयपी कॅमेऱ्यांत १/२.८ इंची सेन्सर असतो, त्याची रुंदी साधारण ५.५ मिमी. चित्रात किती रुंदीचं दृश्य मावेल हे काढायला अंतराला ५.५ ने गुणा आणि लेन्सच्या फोकल लांबीने भागा. २.८ मिमीची लेन्स आणि १० मीटर अंतर धरलं तर जवळपास साडेएकोणीस मीटर रुंदी मिळते. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे २५६० पिक्सेल असतात. भागाकार केला की मीटरमागे १३० च्या आसपास येतात. म्हणजे १० मीटरवर तुमचा रोजचा वॉचमन ओळखू येईल, पण चोर ओळखू येणार नाही. तोच कॅमेरा ६ मिमीच्या लेन्ससह घेतला तर रुंदी सव्वानऊ मीटरपर्यंत खाली येते आणि पिक्सेल २७५ च्या पुढे जातात. (रुंद लेन्समध्ये कडेला चित्र वाकतं, त्यामुळे हे गणित ढोबळ आहे. पण खरेदीची चूक टाळायला तेवढं पुरेसं आहे.)

विक्रेते नेमकं इथेच ‘मग आठ मेगापिक्सेल घ्या’ म्हणतात. हिशेब करून बघा. २.८ मिमीच्या लेन्सवर ओळख पटण्याचं अंतर चार मेगापिक्सेलला सुमारे ५.२ मीटर आहे, तर आठ मेगापिक्सेलला ७.८ मीटर. प्रत्यक्ष पिक्सेल दुपटीपेक्षा जास्त झाले, अंतर मात्र दीडपटच झालं. शिवाय सेन्सर तेवढाच राहिला तर प्रत्येक पिक्सेलचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होतं, म्हणजे रात्री त्याला प्रकाशही तितकाच कमी मिळतो. लेन्स बदलल्याने जो प्रश्न सुटतो, तो मेगापिक्सेल वाढवून सोडवायला जाऊ नका.

अंतराची खात्री नसेल तर मोटराइज्ड व्हेरिफोकल लेन्सचा, म्हणजे मोटरने फोकल लांबी बदलता येणारा, कॅमेरा घ्या. २.७ ते १३.५ मिमी हा नेहमी मिळणारा पल्ला आहे. शिडीवर न चढता, स्क्रीनकडे बघत चौकट जुळवता येते आणि सहा महिन्यांनी मालकाने रॅक हलवले तर पुन्हा जुळवता येते. स्थिर लेन्स स्वस्त असते आणि तिच्यात बिघडण्यासारखं कमी असतं, म्हणून जिथे अंतर पक्कं आहे तिथे तीच बरी.

उंचीबद्दल एक गणित लक्षात ठेवा. चेहरा जमिनीपासून १.६ मीटरवर असतो. कॅमेरा ३ मीटरवर आणि माणूस ५ मीटर लांब असेल, तर कॅमेरा चेहऱ्याकडे साधारण १६ अंशांतून खाली पाहतो आणि चेहरा नीट मिळतो. तोच कॅमेरा ६ मीटरवर नेला की कोन ४० अंशांच्या वर जातो आणि हाती लागतात फक्त केस किंवा टोपी. ‘उंच लावा, कुणाचा हात पोहोचणार नाही’ हा आग्रह प्रत्येक साइटवर ऐकायला मिळतो. हात पोहोचू नये म्हणून मजबूत डबा घ्या. चेहरा टिपणारा कॅमेरा मात्र खालीच ठेवा.

रात्रीची परीक्षा

दिवसा हल्ली जवळपास सगळेच कॅमेरे बरं चित्र देतात. पैशाचा फरक दिसतो तो अंधार पडल्यावर. डेटाशीटवर ‘०.००२ लक्स’ (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) असं काहीतरी छापलेलं असतं. त्या आकड्याशेजारी शटरचा वेग दिला नसेल तर त्याला किंमत नाही. शटर एक तृतीयांश सेकंद उघडं ठेवलं तर जवळपास कोणताही कॅमेरा अंधारात ‘बघू’ शकतो. पण सेकंदाला १.४ मीटर चालणारा माणूस तेवढ्या वेळात ४५ सेंटिमीटरहून जास्त सरकतो आणि चित्रात भुतासारखा पुसट पट्टा उरतो. शटर १/३० सेकंद ठेवलं तरी तो पाच सेंटिमीटरच्या आसपास सरकतो, म्हणजे २५० पिक्सेलच्या घनतेला बारा पिक्सेलचा धूसरपणा येतो. चेहऱ्यासाठी मी रात्रीचं शटर १/१०० पेक्षा मंद होऊ देत नाही. तेवढ्यात चित्र काळं पडत असेल तर तिथे दिवा वाढवतो.

प्रकाश पकडण्याची खरी ताकद दोन गोष्टींत असते, सेन्सरचा आकार आणि लेन्सचं छिद्र. १/१.८ इंची सेन्सर १/२.८ इंचीपेक्षा क्षेत्रफळाने दुपटीहून मोठा असतो. एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं: एफ १.० ची लेन्स एफ १.६ च्या तुलनेत सुमारे अडीच पट प्रकाश आत घेते. रात्री रंगीत चित्र देणारे कॅमेरे बहुधा याच दोन गोष्टींवर उभे असतात, सोबत पांढरा एलईडी असतो. रंग मिळाला की ‘लाल शर्ट, निळी गाडी’ असं सांगता येतं आणि तपासात ते मोलाचं ठरतं. पण पांढरा दिवा रात्रभर शेजाऱ्यांच्या खिडकीत जाणार असेल तर त्याचा विचार आधीच करा.

इन्फ्रारेड (आयआर) दिव्यांमध्ये दोन प्रकार आहेत. ८५० नॅनोमीटरचे एलईडी लांबपर्यंत पोहोचतात, पण जवळून पाहिल्यावर लालसर ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचे डोळ्याला दिसत नाहीत, पण सेन्सरला ते कमी जाणवतात, म्हणून त्यांचा पल्ला घटतो. डेटाशीटवरचा ‘५० मीटर आयआर’ म्हणजे ५० मीटरवर काहीतरी उजळेल एवढंच. तिथे चेहरा मिळेल असं समजू नका. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी पांढरी भिंत किंवा पाइप असेल तर आयआर तिथेच आदळतो, कॅमेरा एक्स्पोजर कमी करतो आणि मागचं सगळं अंधारात जातं. कोळ्याच्या जाळ्यांचाही असाच त्रास. कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि मध्यरात्री चित्रात पांढरे दोर नाचू लागतात. कोणत्याही ब्रँडकडे यावर उपाय नाही, महिन्याकाठी झाडू फिरवावा लागतो. शक्य असेल तर आयआरचा दिवा कॅमेऱ्यापासून थोडा दूर, वेगळा लावा.

काचेच्या दाराकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याचा प्रश्न वेगळाच असतो. पाठीमागे ऊन आणि समोर माणूस, म्हणजे चेहरा काळा ठिक्कर. तिथे खरं डब्ल्यूडीआर (वाइड डायनॅमिक रेंज) लागतं. यात कॅमेरा एकाच क्षणाची कमी-जास्त एक्स्पोजरची चित्रं घेऊन ती जोडतो. १२० डेसिबल हा आकडा उजेड-अंधारातलं दहा लाखास एक हे प्रमाण सांगतो. ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ लिहिलं असेल तर ती सॉफ्टवेअरने केलेली रंगरंगोटी आहे. खऱ्या डब्ल्यूडीआरचाही एक तोटा आहे. वेगाने हलणाऱ्या वस्तूंच्या कडा दुहेरी दिसू शकतात, म्हणून जिथे गरज नाही तिथे ते बंद ठेवा. गाड्यांच्या नंबरप्लेटसाठी तर वेगळा, अरुंद चौकटीचा कॅमेरा हवाच: शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान, आणि प्लेटकडे पाहण्याचा कोन तीसेक अंशांच्या आत.

डबा

डोम दिसायला सुबक असतात आणि कॅमेरा कुठे बघतोय हे सहज कळत नाही. पण घुमटाच्या प्लॅस्टिकवर ओरखडे, धूळ, दव बसलं की आयआर आत परावर्तित होऊन रात्रीचं चित्र धुकट होतं. बाहेरच्या जागेसाठी मी टरेट, म्हणजे डोळ्याच्या बुबुळासारखा, घुमट नसलेला प्रकार पसंत करतो. बुलेट, म्हणजे नळीसारखा लांबट प्रकार, लांबून ठळक दिसतो, धाक बसवायला बरा, पण त्याला काठीने फिरवणं सोपं आणि पक्ष्यांना बसायला तो सोयीचा. हात पोहोचेल अशा ठिकाणी मात्र आयके१० दर्जाचा डोमच हवा. आयके१० म्हणजे २० ज्यूलचा आघात सहन करणं, म्हणजे पाच किलोचं वजन ४० सेंटिमीटरवरून पडण्याएवढा.

आयपी६६ आणि आयपी६७ हे धूळ-पाण्यापासून बचावाचे दर्जे आहेत (इथल्या ‘आयपी’चा नेटवर्कशी संबंध नाही). त्यातला पहिला सहा धुळीपासून पूर्ण बचाव सांगतो. दुसरा सहा म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. गंमत अशी, की हा दर्जा कॅमेऱ्याच्या डब्याला असतो, मागे लोंबणाऱ्या केबलच्या शेपटीला नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यांत पाणी शिरलं होतं ते बहुतेक वेळा आरजे-४५ च्या, म्हणजे नेटवर्क केबलच्या प्लगच्या, जोडातून. कॅमेऱ्यासोबत येणारं जलरोधक टोपण क्रिम्पिंगच्या, म्हणजे प्लग दाबून बसवण्याच्या, आधी केबलमध्ये ओवावं लागतं. घाईत ते राहतं आणि मग चिकटपट्टीवर भागवलं जातं. जंक्शन बॉक्स घ्या, जोड त्याच्या आत ठेवा, आणि केबल बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या. पाणी झोलाच्या तळातून गळून जातं.

केबल आणि वीज

कॅमेरा ‘अधूनमधून बंद पडतो’ अशी तक्रार आली की मी कॅमेऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी केबल तपासतो.

बाजारात सीसीए केबल भरपूर मिळते, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. तिचा रोध जास्त, म्हणून लांब अंतरावर व्होल्टेज पडतं, आणि रात्री आयआर सुरू होऊन विजेची मागणी वाढली की कॅमेरा रीस्टार्ट होतो. दिवसा सगळं छान, अंधार पडला की गायब, हे तिचं ठरलेलं लक्षण. ओळखायला सोपं आहे: एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरट दिसलं तर ती सीसीए, तांबूसच राहिलं तर तांबं. कोटेशनमध्ये ‘शुद्ध तांब्याची कॅट-६’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि खोकं उघडल्यावर तुमच्यासमोर खरवडायला लावा. इथरनेटची, म्हणजे या केबलवरच्या नेटवर्कची, मर्यादा १०० मीटर. त्यापुढे मध्ये स्विच किंवा फायबर.

पीओई म्हणजे नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणं; त्याचे आकडे स्विच घेताना लागतात. ८०२.३एएफ या मानकामध्ये स्विचच्या पोर्टवर १५.४ वॅट निघतात आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ ची हमी असते. ८०२.३एटी मध्ये ३० आणि २५.५. पीटीझेड (मोटरने फिरणारे आणि झूम होणारे), हीटर असलेले किंवा मोठ्या आयआरचे कॅमेरे दुसऱ्या गटात जातात, काहींना त्याहून वरचं ८०२.३बीटी लागतं. सापळा आहे तो एकूण बजेटमध्ये. चोवीस पोर्टच्या स्विचवर ‘प्रत्येक पोर्टला ३० वॅट’ लिहिलेलं असतं, पण त्याचं एकूण बजेट ३७० वॅट असू शकतं. मग सगळ्या पोर्टवर एकाच वेळी ३० वॅट मिळणं अशक्य. कॅमेऱ्यांची रात्रीची कमाल मागणी बेरजेने काढा, त्यावर पंचवीस टक्के जास्तीचे धरा आणि मग स्विच निवडा. स्विच, रेकॉर्डर आणि राउटर हे तिन्ही यूपीएसवर हवेत. रेकॉर्डर यूपीएसवर आणि स्विच साध्या प्लगवर असेल तर वीज गेल्यावर रेकॉर्डर काळे पडदे इमानेइतबारे नोंदवत बसतो.

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू नका, फायबर टाका. वीज जवळ कुठे पडली तर दोन इमारतींच्या अर्थिंगमधल्या फरकाने स्विचचे पोर्ट जळतात. खांबावरच्या कॅमेऱ्यांना सर्ज प्रोटेक्टर आणि त्याला नीट अर्थिंग द्या. अर्थिंग नसलेला सर्ज प्रोटेक्टर म्हणजे नुसती शोभेची डबी.

किती दिवसांचं फुटेज

हा हिशेब पाचवीच्या गणितातला आहे, तरी कोटेशनमध्ये हमखास चुकलेला सापडतो. सेकंदाला ४ मेगाबिट या दराने एक कॅमेरा दिवसाला ४३.२ जीबी लिहितो. तीस कॅमेरे, तीस दिवस: सुमारे ३९ टीबी. त्यावर वीस टक्के राखीव धरले तर ४७. दहा टीबीच्या डिस्क असतील तर डेटासाठी पाच लागतात, आणि रेड ६ या डिस्कच्या मांडणीसाठी आणखी दोन, म्हणजे दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी रेकॉर्डिंग वाचतं.

चार मेगाबिट हा दर मी उदाहरणापुरता धरला आहे. खरा दर तुमच्याच जागेवर मोजा, आणि तोही रात्री, कारण अंधारातलं दाणेदार चित्र नीट कॉम्प्रेस होत नाही आणि दर वर जातो. एच.२६५ आणि एच.२६४ या व्हिडिओ कॉम्प्रेस करायच्या पद्धती; एच.२६५ मुळे एच.२६४ च्या तुलनेत दर बराच खाली येतो. पण त्यावर कंपन्यांनी स्वतःचं ‘स्मार्ट’ किंवा ‘प्लस’ जोडलेलं असतं, ते सावधपणे वापरा. काही वेळा ते दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरवर नीट चालत नाही आणि स्थिर भाग इतका दाबतं की तपशील पुसट होतात. फ्रेमचा वेग आवारासाठी सेकंदाला १२ ते १५ पुरतो. कॅश काउंटरवर २५ ठेवा, नोट हातातून हातात जाते तो क्षण पंधरात निसटू शकतो.

डिस्क घेताना सर्व्हेलन्ससाठी बनवलेल्याच घ्या. साधी डेस्कटॉप डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनलेली नसते. महत्त्वाच्या दोन-चार कॅमेऱ्यांत हाय-एंड्युरन्स मेमरी कार्डही घाला, आणि नेटवर्क तुटलं असता कार्डवरचं फुटेज नंतर रेकॉर्डरवर आपोआप भरलं जातं का, ते विचारून घ्या. चोर हुशार असेल तर रेकॉर्डरच उचलून नेतो, म्हणून तो कुलूपबंद कपाटात हवा. काउंटरखाली नको.

‘ऑनव्हिफ आहे’ म्हणजे काय

ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ऑनव्हिफ ही संस्था सुरू केली, कॅमेरा एका कंपनीचा आणि रेकॉर्डर दुसरीचा असला तरी दोघांनी बोलावं म्हणून. आज जवळपास प्रत्येक खोक्यावर हे नाव असतं. विचारायचा प्रश्न हा, की कोणतं प्रोफाइल? एस हे साध्या व्हिडिओसाठी, टी मध्ये एच.२६५ आणि जास्त सोयी, जी रेकॉर्डिंगसाठी, एम विश्लेषणाच्या माहितीसाठी. ऑनव्हिफच्या संकेतस्थळावर मॉडेलनुसार यादी आहे. तिथे मॉडेल सापडलं नाही तर विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. आणि सापडलं, तरी व्हिडिओ येतो म्हणून हालचालीचा इशारा, आवाज, लेन्सचं नियंत्रण हेही येईल असं धरून चालू नका. प्रत्येक गोष्ट आपल्या रेकॉर्डरवर करून बघा.

माणूस, गाडी, कुत्रा ओळखणाऱ्या ‘एआय’बद्दल थोडक्यात: फांदी हलली म्हणून मध्यरात्री फोन वाजणं त्यामुळे खूप कमी होतं, आणि तेवढ्यासाठी ते घेण्यासारखं आहे. त्यापलीकडचे दावे साइटवर पाहिल्याशिवाय मानू नका.

कॅमेरा हा संगणक आहे

२०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डर, ताब्यात घेतले. युक्ती साधी होती: कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक लावून बघायच्या. २१ ऑक्टोबर २०१६ ला या फौजेने डाइन या, संकेतस्थळांच्या नावावरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या, कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अनेकांना उघडेनात. मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या क्लाउड कॅमेरा कंपनीच्या एका ॲडमिन खात्याचा पासवर्ड इंटरनेटवर उघडा सापडला, आणि सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत पोहोचल्याचं हल्लेखोरांनी जाहीर केलं. दोन्ही वेळा कॅमेऱ्यांचं चित्र उत्तमच होतं.

म्हणून निवडताना बघा: पहिल्यांदा चालू केल्यावर कॅमेरा स्वतःचा पासवर्ड ठरवायला भाग पाडतो का? फर्मवेअरवर (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) कंपनीची डिजिटल सही असते का आणि सही नसलेलं फर्मवेअर कॅमेरा नाकारतो का? एचटीटीपीएस (सांकेतिक जोडणी) आणि ८०२.१एक्स (ओळख पटल्याशिवाय नेटवर्कवर प्रवेश नाही) आहे का? आणि माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा: त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर कधी आलं? कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन तारखा बघा. त्रुटी जाहीर करणाऱ्या आणि दुरुस्ती देणाऱ्या कंपनीला घाबरू नका. जिच्या नावावर एकही त्रुटी नाही आणि तीन वर्षांत एकही अपडेट नाही, तिला घाबरा.

बाजारातल्या कितीतरी ‘ब्रँड’चे कॅमेरे दुसऱ्याच कारखान्यात बनतात आणि फक्त नाव बदलून येतात. त्यात गैर काही नाही, पण मूळ उत्पादकाने फर्मवेअर दिलं तरी ते तुमच्या नावाच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचेल का, हे विचारा. सरकारी किंवा मोठ्या कंपनीच्या कामात काही उत्पादकांना मनाई असू शकते, ती अट निविदेत आधीच वाचून घ्या.

नेटवर्कवर कॅमेऱ्यांना वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगळा केलेला भाग, द्या, म्हणजे रिसेप्शनमधल्या संगणकाला विषाणू लागला तरी तो कॅमेऱ्यांपर्यंत सहज जाणार नाही, आणि उलटही. कॅमेऱ्यांना इंटरनेटची वाट बंद ठेवा. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट) नको, ती वाट आपोआप उघडणारं यूपीएनपी बंद. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणी. घड्याळ जुळवण्यासाठी आतलाच एक एनटीपी (वेळ पुरवणारा) सर्व्हर पुरतो. तो विसरू नका, चार कॅमेऱ्यांवर चार वेगवेगळ्या वेळा असल्या की एकाच माणसाचा माग काढणं अशक्य होऊन बसतं.

कोटेशन आल्यावर

तीन कोटेशन मागवा, पण किमतीची तुलना करण्याआधी प्रत्येकाला हे लेखी विचारा. मॉडेल नंबर पूर्ण द्या, शेवटच्या अक्षरांसकट, कारण त्या एका अक्षरात लेन्स किंवा सेन्सर बदललेला असतो. वॉरंटी किती वर्षांची, आणि बिघडलेला कॅमेरा बदलून येईपर्यंत त्या जागी काय लागणार? हे मॉडेल बाजारातून गेल्यावर किती वर्षं फर्मवेअर मिळेल? पासवर्ड आणि ॲडमिन हक्क कुणाकडे राहणार? या शेवटच्या प्रश्नावर जो चुळबुळ करतो त्याला काम देऊ नका. स्वतःच्या इमारतीतल्या कॅमेऱ्यांसाठी जुन्या कंत्राटदाराच्या पाया पडणारे मालक मी पाहिले आहेत.

मग निवडलेल्या मॉडेलचा एकच नग मागवा आणि साइटवरच्या सगळ्यात अवघड जागी दोन आठवडे लावा. रात्री एकाला त्या अंतरावरून आडवा चालायला सांगा, टोपी घालून आणि टोपीशिवाय. रेकॉर्डरवरून फुटेज काढून साध्या संगणकावर चालवून बघा, फ्रेम थांबवा, चेहऱ्यावर झूम करा. थेट चित्रावर भुलू नका. तपासाला लागतं ते रेकॉर्ड झालेलं, आणि ते बहुधा थोडं कमी दर्जाचं असतं. दुपारच्या उन्हात डब्याला हात लावा. नेटवर्कची केबल उपटून पुन्हा लावा, कॅमेरा आपोआप परत येतो का बघा. वीज पाच-सात वेळा घालवा. या दोन आठवड्यांत जे बिघडतं त्याचा खर्च एका नगाएवढा असतो, नंतर तीसपट.

काम ताब्यात घेताना

कॅमेरे लागल्यावर प्रत्येक चौकटीत, जिथे माणूस येणार त्या अंतरावर कुणाला तरी उभं करा आणि दिवसाचं एक व रात्रीचं एक चित्र साठवा. सुरुवातीला लिहिलेल्या यादीतल्या ओळीशी ते ताडून बघा: चेहरा म्हटलं होतं, चेहरा मिळतोय का? मिळत नसेल तर शेवटचा हप्ता थांबवायची हीच वेळ. ही चित्रं पुढेही कामी येतात. वर्षभरानंतर कॅमेरा वाऱ्याने सरकला किंवा फोकस ढळला, तर जुन्या चित्राशेजारी ठेवल्यावर लगेच कळतं.

ताब्यात घ्यायच्या कागदांत केबलचा नकाशा, प्रत्येक कॅमेऱ्याचा आयपी पत्ता, सीरियल नंबर, फर्मवेअरची आवृत्ती आणि स्विचचा पोर्ट हवा. पासवर्ड बंद पाकिटात, मालकाकडे. जागेत येणाऱ्यांना चित्रीकरणाची सूचना दिसेल अशी पाटी लावा, आणि फुटेज किती दिवस ठेवायचं व कुणाला दाखवायचं याचे तिथले नियम विचारून घ्या. आवाज रेकॉर्ड करण्याचे नियम बहुधा आणखी कडक असतात, गरज नसेल तर मायक्रोफोन बंदच ठेवा.

महिन्यातून एकदा कुणीतरी दहा मिनिटं काढून मागच्या आठवड्यातली एक रात्र प्रत्यक्ष चालवून बघावी, त्याचं नाव ठरवून टाका. रेकॉर्डरवर हिरवा दिवा लागलेला असतो आणि डिस्क तीन आठवड्यांपूर्वीच गेलेली असते. माझ्या त्या गोदामात आता फाटकावर १२ मिमीचा दुसरा कॅमेरा आहे, पावणेतीन मीटरवर, आयके१० च्या डोममध्ये. पहिला अजून सहा मीटरवरच आहे, तो आवार बघतो.